प्रोग्रॅमिंगचा पहिला पेपर: उत्तर आधी कागदावर, मग संगणकावर

बारावीनंतर बीएस्सी, बीसीए किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेला, पण आजवर प्रोग्रॅमची एकही ओळ न लिहिलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत असे विद्यार्थी दरवर्षी या विषयाला बसतात. त्यांतील बरेच जण मराठी माध्यमातून आलेले असतात, अनेकांच्या घरी संगणक नसतो, आणि रोज रेल्वेने किंवा एसटीने अप-डाउन करणाऱ्यांना महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वेळही थोडाच मिळतो. या अडचणी खऱ्या आहेत, परंतु त्यांच्यावर उपाय आहेत. त्यापेक्षा घातक गोष्ट म्हणजे दिलेला प्रोग्रॅम टंकून चालवायचा, पडद्यावर काहीतरी उमटले की प्रात्यक्षिक झाले असे समजायचे आणि तो जर्नलमध्ये उतरवून पुढच्याकडे वळायचे, ही सवय. तिच्यावर एकच नियम पुरेसा आहे: कोणताही प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी त्याचे उत्तर काय येईल ते कागदावर लिहून ठेवावे, आणि संगणकाचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे. पुढे जे काही सांगितले आहे ते बहुतांशी हा नियम कसा पाळायचा याबद्दलच आहे.

सुरुवातीची तयारी

आपला अभ्यासक्रम नेमका कोणत्या विद्यापीठाचा आहे याची खात्री पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी. खान्देशातील बहुतेक विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर काही अभियांत्रिकी महाविद्यालये लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत. शिवाय स्वायत्त महाविद्यालये आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवतात. त्यामुळे गावातल्या मोठ्या भावाच्या किंवा मैत्रिणीच्या जुन्या वह्या हाती आल्या, तरी त्या आपल्याच अभ्यासक्रमाच्या आहेत असे गृहीत धरू नये. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून चालू अभ्यासक्रमाची प्रत उतरवून घ्यावी, तिच्यातील घटक आणि प्रात्यक्षिकांची यादी छापून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावी.

पहिल्या सत्रात भाषा बहुधा सी किंवा पायथॉन असते. सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडवली, तर पायथॉनची पहिली आवृत्ती गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्हींपैकी कोणती चांगली या चर्चेत नवख्या विद्यार्थ्याने वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. व्हेरिएबल (किंमत ठेवण्याची नाव दिलेली जागा), अट, लूप (पुन्हापुन्हा चालणारा भाग), फंक्शन (एक काम करणारा, नाव दिलेला तुकडा) आणि ॲरे किंवा लिस्ट (अनेक किमतींची रांग) या पाच गोष्टी दोन्हीकडे आहेत, आणि त्या एका भाषेत पक्क्या झाल्या की दुसरी भाषा फार कमी वेळात येते. दोन्ही भाषा एकदम सुरू करणे मात्र टाळावे, कारण त्यांच्यातील बारीक फरक नवख्याचा गोंधळ वाढवतात. असा एक फरक पुढे येईलच.

घरी संगणक नसेल तर अँड्रॉइड फोनवर काम चालते. पायथॉनसाठी पायड्रॉइड ३ हे ॲप एकदा उतरवून घेतले की नेटशिवायही प्रोग्रॅम चालवता येतात, आणि टर्मक्स या ॲपमध्ये क्लँग हा सी भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणारे साधन, बसवता येतो. फोनच्या पडद्यावर कंस आणि अर्धविराम टंकणे मात्र फार त्रासाचे असते, म्हणून शक्य असल्यास साधा यूएसबी कीबोर्ड आणि तो फोनला जोडणारी ओटीजी जोडणी घ्यावी. दोघा-तिघांनी मिळून घेतली तरी चालेल. टंकण्याचा वेग कमी असणे ही मोठी अडचण नाही, परंतु कोणते चिन्ह कोणत्या कळीवर आहे हे पहिल्या पंधरवड्यात हातात बसले पाहिजे, नाहीतर प्रात्यक्षिकाचा निम्मा वेळ महिरपी कंस शोधण्यातच जातो.

कागदावरचे उत्तर का हवे

एक साधे उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने १० क्विंटल कापूस विकला आणि भाव क्विंटलला ७,००० रुपये आहे असे समजू. एकूण रक्कम काढण्याचा सी भाषेतील प्रोग्रॅम चार-पाच ओळींचा आहे: भाव आणि वजन ही दोन इंट (पूर्ण संख्या ठेवणाऱ्या) प्रकारची व्हेरिएबल, त्यांचा गुणाकार तशाच तिसऱ्यात, आणि शेवटी उत्तर छापणारे प्रिंटएफ. उत्तर ७०,००० हवे. हाच प्रोग्रॅम टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये चालवला तर पडद्यावर ४,४६४ असा आकडा येतो. कोणतीही एरर येत नाही आणि इशाराही मिळत नाही. रक्कम ऋणही नाही आणि चमत्कारिकही नाही, एखाद्या खऱ्या पावतीवर शोभेल अशी आहे. ज्याने आधी कागदावर ७०,००० लिहिले आहे त्याला ती चूक तत्क्षणी दिसते, आणि ज्याने लिहिलेले नाही तो ४,४६४ हे उत्तर जर्नलमध्ये नीट अक्षरात उतरवून सही घेतो.

असे का होते हे समजून घेण्यासारखे आहे. टर्बो सी हा १९८७ मध्ये बोर्लंड कंपनीने बाजारात आणलेला कंपायलर असून त्यात इंट प्रकारच्या व्हेरिएबलला २ बाइट म्हणजे १६ बिट जागा मिळते, आणि तेवढ्या जागेत उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतच्याच संख्या मावतात. त्यापलीकडची संख्या आली की ६५,५३६ चा पूर्ण फेरा गळून पडतो. ७०,००० मधून ६५,५३६ वजा केल्यावर ४,४६४ उरतात. आजच्या जीसीसी किंवा क्लँगसारख्या कंपायलरमध्ये इंटला साधारणपणे ४ बाइट मिळतात, त्यांत २,१४,७४,८३,६४७ पर्यंतची संख्या मावते, म्हणून तोच प्रोग्रॅम तेथे ७०,००० हेच उत्तर देतो. टर्बो सी मध्येच काम करायचे असेल तर भाव, वजन आणि एकूण रक्कम ही तिन्ही व्हेरिएबल लाँग, म्हणजे अधिक मोठी संख्या मावणाऱ्या, प्रकारची घ्यावीत आणि छापताना त्यानुसार फॉरमॅटही बदलावा. केवळ एकूण रकमेचे व्हेरिएबल लाँग करून भागत नाही, कारण दोन इंटचा गुणाकार आधी इंट म्हणूनच होतो आणि नुकसान झाल्यानंतरच तो मोठ्या जागेत ठेवला जातो.

ज्या प्रयोगशाळेत अजून टर्बो सी वापरतात, तेथे शिकवले जाणारे व्हॉइड मेन, क्लिअर स्क्रीन आणि गेटसीएच हे सी भाषेच्या प्रमाणित रूपाचा भाग नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. परीक्षा त्याच प्रयोगशाळेत असेल तर तेथील पद्धत जरूर पाळावी, परंतु तोच प्रोग्रॅम घरी फोनवर चालला नाही म्हणून आपल्याला विषयच येत नाही असा समज करून घेऊ नये. मेन फंक्शन इंट प्रकारचे करून पडदा पुसण्याच्या आणि कळीची वाट पाहण्याच्या ओळी, त्यांच्या हेडर फाइलसह, काढून टाकल्या की बहुतेक वेळा काम होते.

दुसरे उदाहरण तापमानाचे घेऊ, कारण ते जवळजवळ प्रत्येक प्रात्यक्षिकांच्या यादीत असते. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंश सेल्सिअसवर जातो तेव्हा फॅरनहाइटमध्ये तो ११३ असतो. आता उलटे रूपांतर करायचे असेल, तर ११३ मधून ३२ वजा करून ८१, त्याला ५ ने गुणून ४०५ आणि ९ ने भागून ४५, हे हिशेबाने कागदावर लिहावे. विद्यार्थी बहुधा सूत्र जसेच्या तसे लिहितात, म्हणजे आधी ५ / ९ आणि मग गुणिले कंसातली वजाबाकी. सी भाषेत याचे उत्तर शून्य येते, कारण ५ आणि ९ या दोन्ही पूर्ण संख्या असल्याने त्यांचा भागाकारही पूर्ण संख्येतच होतो, दशांश भाग गळतो आणि उरलेल्या शून्याने पुढचे सारे शून्य होते. आधी गुणाकार केला तर ४५ मिळतात, आणि ५ ऐवजी ५.० लिहिले तर कोणत्याही क्रमाने बरोबर उत्तर येते, फक्त ते ठेवायला फ्लोट किंवा डबल या दशांश संख्येच्या प्रकारचे व्हेरिएबल हवे. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत एक तिरकी रेघ दशांश भागाकार करते आणि दोन तिरक्या रेघा पूर्ण संख्येतला भागाकार करतात, म्हणून तेथे ही चूक या रूपात दिसत नाही.

ड्राय रन कसा करावा

एका ओळीचे उत्तर मनात काढता येते, लूपचे येत नाही. त्यासाठी तक्ता आखून प्रत्येक व्हेरिएबलची किंमत ओळीगणिक लिहीत जाण्याची जी रीत आहे, तिला वर्गात ड्राय रन म्हणतात. शिक्षक ती फळ्यावर एकदा करून दाखवतात आणि विद्यार्थी ती परीक्षेपुरती लक्षात ठेवतात, हे दुर्दैव आहे. पहिल्या सत्रात या एका गोष्टीवर जितका वेळ घालवावा तितका थोडाच.

समजा जिनिंगवर तीन गाड्या आल्या असून त्यांतील कापूस १२, ९ आणि १४ क्विंटल आहे. बेरीज आणि सरासरी काढायची आहे. वहीत चार रकाने आखावेत: फेरी, आय (फेऱ्या मोजणारे व्हेरिएबल), वजन आणि बेरीज. लूपच्या आधी बेरीज ० आहे, आणि ही ओळ तक्त्यात लिहिलीच पाहिजे, कारण सी भाषेत फंक्शनच्या आत व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत दिली नाही तर त्यात जे काही शिल्लक असेल, म्हणजे ज्याला गार्बेज व्हॅल्यू म्हणतात, त्यातच पुढची भर पडत जाते. पहिल्या फेरीत आय १, वजन १२, बेरीज १२. दुसरीत आय २, वजन ९, बेरीज २१. तिसरीत आय ३, वजन १४, बेरीज ३५. आता स्वतःला विचारावे की लूप संपल्यावर आय किती आहे. बहुतेक जण ३ म्हणतात. सी मध्ये आय १ पासून सुरू होऊन ३ पेक्षा मोठा होईपर्यंत फिरणाऱ्या फॉर लूपनंतर तो ४ असतो, कारण अट खोटी ठरण्यासाठी तो ४ व्हावाच लागतो. पायथॉनमध्ये १ ते ४ अशी रेंज दिली तर शेवटचा आकडा घेतला जात नाही आणि लूपनंतर आय ३ च राहतो. दोन भाषा एकदम शिकू नयेत असे वर म्हटले ते अशा जागांमुळे. शेवटी सरासरी: ३५ भागिले ३. सी मध्ये दोन्ही इंट असतील तर ११, अन्यथा ११.६६ आणि पुढे. हे उत्तर प्रोग्रॅम चालवण्याआधी वहीत लिहिलेले असावे, आणि ते न जुळल्यास तक्त्यातली कोणती ओळ चुकली ते शोधून काढावे.

अप-डाउन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे काम फार सोयीचे आहे, कारण त्याला संगणक, वीज किंवा नेट यांपैकी काहीच लागत नाही. पाचोरा किंवा चाळीसगाव ते जळगाव, अथवा अमळनेर ते नंदुरबार या प्रवासात एका लूपचा तक्ता सहज पूर्ण होतो, आणि महाविद्यालयात पोहोचल्यावर प्रयोगशाळेत फक्त ताळा पाहायचा उरतो. ताऱ्यांचे किंवा आकड्यांचे त्रिकोण छापणारे एकात एक लूप याच पद्धतीने सुटतात. ते पाठ करू नयेत, कारण परीक्षक त्रिकोण उलटा करायला सांगतो आणि पाठांतर तेथेच थांबते.

एरर वाचणे

एररचा मजकूर इंग्रजीत असतो म्हणून मराठी माध्यमाचा विद्यार्थी तो न वाचताच मित्राला हाक मारतो. प्रत्यक्षात पहिल्या सत्रात पुन्हापुन्हा येणाऱ्या एरर मोजक्याच असतात आणि त्यांतले शब्दही तेच ते असतात: एक्स्पेक्टेड म्हणजे येथे अमुक चिन्ह अपेक्षित होते, अनडिक्लेअर्ड म्हणजे हे नाव आधी जाहीर केलेले नाही, इंडेन्टेशन म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली. वहीच्या शेवटच्या पानांवर प्रत्येक नवी एरर, तिचा मराठीत अर्थ आणि ती कशामुळे आली हे लिहीत जावे. लवकरच त्या पानांवर नवे लिहिण्यासारखे फारसे उरत नाही.

वाचताना क्रम असा ठेवावा की सी मध्ये सर्वांत वरची एरर आधी पाहावी, ती एकटीच दुरुस्त करावी आणि पुन्हा कंपाइल करावे, कारण खालच्या अनेक एरर पहिलीच्याच पोटातून आलेल्या असतात. पायथॉनमध्ये प्रोग्रॅम चालताना थांबला तर संदेशाची शेवटची ओळ आधी वाचावी. काय बिघडले ते तेथे सांगितलेले असते, आणि कोठे बिघडले ते तिच्या वरच्या ओळींत. दाखवलेल्या ओळीवर चूक सापडली नाही तर तिच्या आधीची ओळ तपासावी, कारण विसरलेला अर्धविराम किंवा बंद न केलेला कंस पुष्कळदा पुढच्या ओळीवर पोहोचल्यावरच लक्षात येतो.

ज्या चुकांना एरर येत नाही त्या अधिक काळजीने पाहाव्या लागतात. सी मध्ये इफच्या कंसात == ऐवजी = लिहिले तर तुलना होत नाही, किंमत भरली जाते, आणि ती शून्य नसेल तर अट नेहमी खरी ठरते. आकडे आत घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या नावाआधीचे अँपरसँडचे चिन्ह विसरले तर कंपायलर फार तर इशारा देतो आणि प्रोग्रॅम चालताना कोलमडू शकतो, म्हणून इशारेही एररइतक्याच गांभीर्याने वाचावेत. पायथॉनमध्ये इनपुट हे फंक्शन नेहमी मजकूर देते, त्यामुळे १२ आणि ९ हे आकडे घेऊन थेट बेरीज केली तर २१ ऐवजी १२९ येतात. आधी इंट या फंक्शनने त्यांची संख्या करून घ्यावी लागते. जाता जाता एक सांगण्याजोगी गोष्ट अशी की पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत इंटला देवनागरी अंकांत लिहिलेला मजकूर दिला तरी तो बरोबर संख्या करतो, आणि व्हेरिएबलला 'वजन' असे देवनागरी नावही देता येते. सरावासाठी ते जरूर करून पाहावे. प्रोग्रॅममध्ये थेट लिहायचे आकडे मात्र इंग्रजी अंकांतच लागतात, आणि परीक्षेत नावेही इंग्रजी अक्षरांतच ठेवावीत, कारण प्रयोगशाळेचा कीबोर्ड आणि परीक्षकाची सवय दोन्ही त्याच आहेत.

मदत कोणाची आणि कशी घ्यावी

दोघांनी मिळून अभ्यास करावा, पण कामाची वाटणी अशी असावी की एक जण प्रोग्रॅम ओळीगणिक तोंडी समजावतो आणि दुसरा त्याच्या सांगण्यावरून तक्ता भरतो. हे समजावणे ज्या भाषेत सहज येते त्या भाषेत करावे, मग ती अहिराणी असो, लेवा गणबोली असो किंवा नंदुरबारकडची भिलोरी असो. लूप का थांबला हे घरच्या बोलीत सांगता येत नसेल तर ते इंग्रजीतही समजलेले नसते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात सी आणि पायथॉनचे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात, आणि स्वयम् व एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमांत विद्यापीठीय दर्जाची व्याख्याने आहेत. पाहताना पाठ मध्येच थांबवून पुढे काय छापले जाईल ते आधी लिहावे.

शिक्षकांकडे जाताना "सर, चालत नाही" एवढेच सांगू नये. मी कोणते आकडे दिले, माझ्या तक्त्यानुसार काय यायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय आले, या तीन गोष्टी घेऊन गेल्यास गर्दीच्या प्रयोगशाळेतही शिक्षक दोन मिनिटांत नेमकी जागा दाखवू शकतात. पुष्कळदा हे तीन मुद्दे लिहून काढतानाच चूक सापडते. फोनवरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनाही हेच लागू आहे: एररचा अर्थ विचारावा, आपला तक्ता बरोबर आहे का ते तपासून घ्यावे, परंतु प्रात्यक्षिकाचा प्रोग्रॅम त्यांच्याकडून लिहून घेऊ नये. प्रात्यक्षिक परीक्षेत ते साधन सोबत नसते, आणि तयार प्रोग्रॅम वाचून "समजला" असे वाटणे आणि कोऱ्या पडद्यावर तो लिहिता येणे यांत फार अंतर आहे.

सत्राच्या वेळापत्रकाबद्दल इतकेच की लूपचे तास चुकवू नयेत. लग्न, आजारपण किंवा शेतीच्या कामामुळे ते बुडालेच तर ॲरे आणि फंक्शनकडे जाण्याआधी तेवढा भाग भरून काढावा, कारण पुढचे बहुतेक सारे लूपवर उभे असते. सी शिकणाऱ्यांनी पॉइंटरला (दुसऱ्या व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलला) पोहोचल्यावर तक्त्यात पत्त्यासाठी एक रकाना वाढवावा, आणि १०००, १००४ असे कोणतेही काल्पनिक पत्ते मानून ड्राय रन करावा. तो विषय त्याने बराच सोपा होतो.

परीक्षेच्या दिवशी

प्रात्यक्षिक परीक्षेत प्रश्नाची चिठ्ठी हाती आल्यावर लगेच टंकायला सुरुवात करू नये. पहिली काही मिनिटे कागदावर एक छोटे उदाहरण हाताने सोडवावे आणि त्याचे उत्तर समासात लिहावे. त्यात एक नेहमीचा आकडा, एक शून्य आणि एक असा आकडा असावा की जेथे अट अगदी काठावर आहे, जसे उत्तीर्ण होण्याच्या गुणांच्या प्रश्नात ३५ गुणांची मर्यादा दिली असेल तर नेमके ३५. नंतर प्रोग्रॅम लहान तुकड्यांत लिहावा: आधी फक्त आकडे घेऊन तेच परत छापावेत, ते चालले की गणिताची ओळ, आणि मग लूप किंवा अट. वेळ संपत आला आणि प्रोग्रॅम अपुरा असला, तरी जेवढा भाग चालतो तेवढा दाखवता येतो. एकदम लिहिलेल्या चाळीस ओळींपैकी एकही चालत नसेल तर परीक्षकासमोर दाखवण्यासारखे काही उरत नाही. तोंडी परीक्षेत बहुधा त्याच प्रोग्रॅममधील एखादी ओळ बदलली तर काय होईल असे विचारतात. अशा वेळी अंदाजाने उत्तर न देता "थोडे लिहून पाहतो, सर" किंवा "लिहून पाहते, मॅडम" असे म्हणून समासातल्या उदाहरणावरच नवी किंमत भरावी आणि आलेले उत्तर कारणासह सांगावे.